पुरं करा

शहागंजच्या मागल्या गल्लीत गटारीवर फरशी बसली ती मी बसवली. हातानं नाय, पत्रानं. खोटं वाटत असंल तर गल्लीत कुणालाबी विचारा.

मी जब्बार पिंजारी. माझं गादीघर हाय. कापूस पिंजतो, गाद्या-उशा भरतो, आन् उरलेल्या वेळात पेपरात पत्रं लिहितो. 'बावन्नदरवाजा' नावाचा आमच्या औरंगाबादचा एक पेपर होता, त्यात आतल्या पानावर 'वाचकांची गाऱ्हाणी' म्हणून पट्टी यायची. नळाला पाणी नाय, लिहिणार जब्बार. खांबावरचे दिवे बंद, जब्बार. डुकरं सुटलीत, पुन्हा जब्बारच. माझी बायको फहमिदा होती तोवर म्हणायची, "तुम्हाला कापसापेक्षा माणसंच पिंजायला आवडतेत." आता ती नाय. पोरगा अन्सार वाळूजला कारखान्यात, सुनेला घेऊन तिकडंच राहतो. मी दुकानात एकटाच बोलतो आन् एकटाच भांडतो. बोलून उरलं की ते पत्रात जातं.

माझ्याशी सामना करायला एकच माणूस उरला होता, करमाडचा रामकिसन. आम्ही दोघं करमाडचेच, एका पाटीवर मुळाक्षरं गिरवलेले. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या साली आमचं सगळं बिऱ्हाड त्याच्या बापाच्या गोठ्यातल्या माळ्यावर लपून राह्यलं होतं. ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाय, आन् मीबी कधी आभार मानत बसलो नाय. पुढं मी शहरात आलो, तो शेतीवर राह्यला. रविवारच्या बाजाराला आला की दुकानात यायचा, अर्धवट भरलेल्या गादीवर आडवा व्हायचा आन् माझ्या पत्राला नावं ठेवायचा. "किती कडू लिहितो रे जब्ब्या. जरा गूळ घालत जा की." मी म्हणायचो, तू तुझी ज्वारी बघ. मंग दोघं मिळून चहा प्यायचो.

कारगिलची लढाई लागली त्या साली तो रोज यायला लागला. त्याचा बन्सी फौजेत होता आन् तिकडंच, बर्फात होता.

"घरी बसवत नाय," म्हणला. "सगळं गाव माझ्या घरात टीव्ही बघतंय. जवानाचं घर म्हणून इथंच बघायचं म्हणतेत. तोफ उडाली की पोरं उड्या मारतेत. दगडा चुलीपुढून उठत नाय." दगडाबाई त्याची बायको.

मी चहा मागवला. त्यानं कपाला हात लावला नाय.

"एसटी स्टँडवर बन्सीचा फोटो लावलाय, एवढा मोठा. 'करमाडचा वाघ' लिहिलंय खाली. आन् जब्बार, फोटोला हार घातलाय. जित्या पोराच्या फोटोला हार! मी काढायला गेलो तर लोक म्हणले, काका, असू द्या, मान हाय तो."

एवढं बोलला आन् माझ्या दुकानातल्या कापसात तोंड घालून रडला. साठीला आलेला माणूस. मी शटर अर्धं खाली ओढलं. बऱ्याच वेळानं तोंड पुसून म्हणला, "कुणीतरी म्हणावं ना रे. लई झालं, लढाई आता पुरं करा म्हणावं. तू गटारीसाठी लिहितो, एवढ्यासाठी लिही."

"लिहितो की. तुझं नाव टाकू?"

"नको! जवानाचा बापच असं म्हणला तर पोराची मान खाली जाईल."

तेव्हाच मी डोकं चालवायला पाहिजे होतं. रामकिसननं म्हणलं तर मान खाली जाते, जब्बारनं म्हणलं तर मानच जाते. पण समोर तो तसा बसलेला, मी काय हिशोब मांडत बसणार होतो? म्हणलं, मी लिहितो, माझ्या नावानं लिहितो. त्याच्यासमोरच लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. लांबड लावली नाय. एवढंच लिहिलं:

"संपादक साहेब, डोंगरावर जी पोरं गेलीत ती आपली हायेत. पलीकडं जी हायेत तीबी कुणाच्या तरी पोटचीच. दोन्हीकडच्या साहेबलोकांनी समोरासमोर बसून बोलावं. इथं आईबापाचा जीव अर्ध्यात लटकलाय, आन् अर्ध्यात लटकणं लई वाईट. आता लढाई पुरं करा. जब्बार पिंजारी, शहागंज."

रामकिसन म्हणला, "ह्यात गूळ हाय." त्या दिवशी त्यानं दोन कप चहा घेतला.

पेपरचे संपादक तात्यासाहेब. माणूस वाईट नाय. माझं पत्र हातात पडलं की आधी हसायचे आन् मंग चष्मा लावायचे. ह्या खेपेला चष्मा लावून वाचलं आन् हसू गेलं.

"जब्बारभाई, डुकरांचं काय झालं? डुकरांवर लिहा ना."

"डुकरं हायेत तिथंच हायेत. हे छापा."

"अहो, हे एखाद्या कुलकर्ण्यानं लिहिलं असतं ना, तर मी डोळे झाकून छापलं असतं."

"मंग माझंबी डोळे झाकून छापा."

तात्यासाहेबांनी कपाळावर हात मारला. दिवस कसे हायेत, लोक कसे हायेत, तुमचं दुकान रस्त्यावर हाय, असं बरंच समजावलं. खाली 'एक वाचक' टाकू का म्हणले. मी म्हणलं, फरशीला माझं नाव चालतं आन् पोरांच्या जिवाला चालत नाय का? तेव्हा कागद बाजूच्या ढिगावर ठेवला आन् म्हणले, "बघतो. जागा कमी आहे, थोडं कापावं लागेल."

"कापा. पण शेवटची ओळ राहू द्या."

"शेवटची ओळ ठेवतो," म्हणले. आन् माणूस शब्दाला जागला, हेच तर वाईट झालं.

ज्या सकाळी ते छापून आलं, त्या सकाळी माझ्याकडं पेपर यायच्या आधी कोपऱ्यावरचा हॉटेलवाला चहा घेऊन आला. मलई मारलेला, न मागता. "मान गये चचा," म्हणला. मला काय कळंना. मंग समोरचा कापडवाला आला, जो मला रोज बघून न बघितल्यासारखं करतो, तो. त्यानं हातात हात घेतला आन् लई वेळ हलवला. म्हणलं, बघ जब्बार, लोकांच्या मनात होतंच, फक्त कुणी बोलत नव्हतं. छाती भरून आली हो माझी. एका ओळीनं शहर बदलतं का काय, असं वाटलं मला!

मंग पेपर उघडला. आतल्या पट्टीत नाय, पहिल्या पानावर, चौकटीत:

"लढाई पूर्ण करा! डोंगरावर जी मुले गेली आहेत ती आपली आहेत. अर्ध्यात लटकणे फार वाईट. आता लढाई पूर्ण करा! — जब्बार पिंजारी, शहागंज."

मी दोनदा वाचलं, तीनदा वाचलं. पलीकडच्या पोटची पोरं गेली. समोरासमोर बसणारे साहेब गेले. आईबापाचा जीव गेला. राह्यलं ते 'अर्ध्यात लटकणं', आन् माझ्या 'पुरं'वरचं टिंब कुणीतरी पाडून त्याच्या डोक्यावर रफार चढवला होता. पुरं करा म्हणजे बस करा, थांबवा. आमच्याकडं शेंबडं पोरबी सांगंल. जेवताना वाढणाऱ्याला आपण म्हणतो, पुरं करा. त्याचं 'पूर्ण करा' केलं! बया बया बया. करायला गेलो गणपती आन् झाला मारुती, तोबी गदा घेतलेला.

दुपारी शेजारच्या एसटीडीवाल्याकडं अन्सारचा फोन आला. पोरगा माझ्याशी कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नाय, त्या दिवशी थांबंना.

"अब्बा, आज बसमध्ये पूर्ण पाळीनं मला हात मिळवला! सुपरवायझरनं तुमचं पत्र कँटीनमध्ये वाचून दाखवलं. अन्सारभाई म्हणले मला, अब्बा. भाई म्हणले."

आता हे कसं सांगू? वर्ल्डकपात पाकिस्तानशी झालेल्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी ह्याच बसमध्ये ह्याच लोकांनी त्याला विचारलं होतं, "काय रे, रातच्याला फटाके आणले होते का?" आन् मॅच आपण जिंकलो होतो. ते त्यानं मला सांगितलं नव्हतं, सुनेनं सांगितलं. पोरगा मान खाली घालून कामाला जायचा, मान खाली घालून यायचा. मी फोनवर हूं हूं करत राह्यलो. एसटीडीवाल्यानं बी पैसे घेतले नाय.

रामकिसन त्या दिवशी आला नाय. दुसऱ्या दिवशीबी नाय. मी दर एसटीच्या वेळेला दाराशी. गिऱ्हाईक म्हणलं, चचा, कुणाची वाट बघताय? मी खेकसलो, तुझी नाय. शेवटी दुकानाला कुलूप लावलं आन् जालन्याची बस धरून करमाडला उतरलो.

स्टँडवर बन्सीचा फोटो होताच. हार वाळला होता, त्यावर नवा घातला होता. आन् फोटोच्या शेजारी, खरं सांगतो, माझ्या पत्राची चौकट मोठी करून चिकटवलेली. सरपंच कारभारी समोरच्या पानटपरीवर होता, तो धावत आला. "जब्बारचाचा, करमाडचं नाव काढलंत!" मी कसंबसं सुटलो.

रामकिसन ओट्यावर बसला होता. मला बघून उठला नाय. दगडाबाई दारात आली, मी म्हणलं, "वैनी, पाणी द्या." ह्या घरात मला कधी पाणी मागावं लागलं नव्हतं. ती तशीच उभी राह्यली.

"आता काय पूर्ण व्हायचं राह्यलंय, भाऊजी?" म्हणली आन् आत गेली.

"रामकिसन, ते माझं नाय. त्या पेपरवाल्यांनी..."

"नाव कुणाचं हाय?"

"माझं."

"मी तुला पुरं म्हणलं होतं. तू पूर्ण म्हणलास." आवाज चढवला नाय त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं. "तुला काय जातंय म्हणायला? तुझा पोरगा वाळूजला हाय. पंख्याखाली."

"अरे, तुझ्यासमोर लिहिलं ना मी! तुला वाचून दाखवलं ना!"

"माझ्यासमोर लिहिलं. मंग पेपरात गेलास आन् घाबरलास. मला कळतंय. भ्याला असशील, त्यात काय. पण मंग लिहायचंच नव्हतं. आता रोज माझ्या ओट्यावर येऊन लोक मला तेच वाचून दाखवतेत, तुमच्या दोस्तानं काय लिहिलंय बघा म्हणून."

माझं डोकं फिरलं. भ्यालो म्हणला मला! मी त्याला काय काय बोललो ते मला आता आठवतबी नाय. तो सगळं ऐकून घेऊन म्हणला, "छापून आण. जसं मी म्हणलो होतो तसं, तुझ्या नावानं छापून आण. मंग ये. तोवर ह्या ओट्यावर पाय ठेवू नको."

परतीच्या बसमध्ये जागा होती तरी मी उभाच आलो.

तात्यासाहेबांच्या टेबलावर मी पेपर आपटला. "साहेब, हा ध चा मा कुणी केला?"

एका नव्या पोराला बोलावलं. पुण्याकडून आलेला, गोरा, नम्र. तो म्हणला, "सर, पत्र ग्रामीण भाषेत होतं, मी प्रमाण केलं. 'लढाई पुरं करा' हे व्याकरणात बसत नव्हतं. मला वाटलं, पूर्ण लिहायचं असेल, घाईत राहिलं असेल."

"तुमच्या घरी जेवताना पुरं म्हणलं की काय करतेत? पूर्ण पातेलं ओततेत का पानात?"

पोरगं लाल झालं. त्याची काय चूक म्हणा, त्याच्या घरी पुरे म्हणत असतील. तात्यासाहेबांनी त्याला जा म्हणलं आन् दार लावून घेतलं.

"जब्बारभाई, मला पण सकाळी वाचल्यावरच कळलं. पण आता ऐका. या चुकीनं तुम्ही वाचलात. मूळ पत्र छापलं असतं तर आज तुमच्या दुकानाची काच जागेवर नसती. आता शुद्धिपत्र छापायचं म्हणजे काय, ते तुम्हाला कळतं का? 'जब्बार पिंजारी यांचं म्हणणं लढाई थांबवा असं होतं.' हार घातलेल्या गळ्यातून असं निघालं तर लोक दुप्पट चिडतील. अन्सारला विचारा. तो हो म्हणाला तर छापतो."

शहाणा माणूस. त्याला ठाऊक होतं अन्सार काय म्हणणार.

अन्सार सुट्टीच्या दिवशी आला. बरोबर सून, मिठाई. मी त्याला सगळं सांगितलं, रामकिसनचं रडणं, टिंब, रफार, ओटा. तो ऐकत गेला तसा तसा लहान होत गेला. शेवटी मिठाईचा डबा बाजूला ठेवून म्हणला,

"नक्को अब्बा. रहने दो."

"अरे, रामकिसन माझा..."

"मालूम है मेरेकू. रामकिसनचाचांनी मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलीय. पण मला रोज त्या बसमध्ये बसायचंय, अब्बा. तुम्हाला नाय."

सून खाली बघत होती. मी म्हणलं, बरं, बघू. 'बघू' म्हणलं की पोराला वाटलं झालं. जाताना त्यानं माझे पाय दाबून दिले, लहानपणी दाबायचा तसे. ते गेल्यावर मी डबा उघडला नाय. मुंग्या लागल्या तेव्हा फेकला.

मंग नानासाहेबांचं बोलावणं आलं. चौकातल्या मंडळाचे अध्यक्ष. जवानांसाठी कार्यक्रम होता, त्यात माझा सत्कार. नाय म्हणायची सोय नव्हती, नाय म्हणलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. पण जाता जाता मला एक सुचलं. माईक तर मिळणार. पेपर छापत नाय तर मीच सांगतो, चारचौघांत. उद्या ती बातमी येईल, करमाडला पोचंल, मंग बघू ओट्यावर पाय कोण अडवतो.

शाल दिली, नारळ दिला, फेटा बांधला. नानासाहेब म्हणले, असे चार जब्बारभाई असते तर काय पाहिजे होतं. मी माईकपुढं उभा राह्यलो. पुढच्या रांगेत अन्सार बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

"पेपरात चूक झाली," म्हणलं. "मी पूर्ण नाय म्हणलो. मी म्हणलो, पुरं करा. लढाई पुरं करा!"

 तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "पूरी करो!" आन् सगळा चौक उठला. "पूरी करो! लढाई पूरी करो!" भोंग्यातून पुरं काय आन् पुरी काय, कुणाला कळतंय? मी ओरडत होतो, "तसं नाय हो, पुरं, पुरं!" तसतसे ते जास्तच ओरडत होते. दोघा पोरांनी मला खांद्यावर घेतलं. फेटा डोळ्यावर आला. मी वरून बघितलं तर अन्सार टाळ्या वाजवत नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला बरोबर ऐकू आलं होतं. त्या अख्ख्या चौकात बरोबर ऐकणारा तो एकटा, आन् त्यालाच ते ऐकायचं नव्हतं. लोक ओरडतेत ते बघून त्यानं हळूच श्वास सोडला, मला दिसला. मंग त्यानंबी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर अन्सार फोन करायचा बंद झाला. सून करायची, तब्येत विचारायची.

दुकानात गर्दी वाढली होती. लोक गादी न घेताच गप्पा मारायला यायचे. सगळं शहर माझ्याशी बोलत होतं हो, आन् मला बोलायला माणूस नव्हतं! दुपारी सामसूम झाली की मी त्या अर्धवट गादीकडं बघून म्हणायचो, "काय रामकिसन, कडू झालं का?" हसू नका. एकटं पडल्याशिवाय कळत नाय ते.

लढाई संपली. पेढे वाटले. नंतर आठवडाभरानं तात्यासाहेबांनी स्वतः माणूस पाठवला, आजचा पेपर बघा म्हणून. शिकवणीच्या जाहिरातीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात होतं: "श्री. जब्बार पिंजारी यांच्या पत्रातील 'लढाई पूर्ण करा' हे शब्द 'लढाई पुरं करा', म्हणजेच 'थांबवा', असे वाचावेत. चुकीबद्दल दिलगीर आहोत." तात्यासाहेबांचा निरोप होता, आता काही हरकत नाही. संपलेली लढाई थांबवा म्हणायला कुणाची हरकत असणार? गल्लीत कुणी वाचलंबी नाय. पण छापून आलं होतं. माझ्या नावानं. मी ते कापलं, नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं, दाढी केली आन् करमाडची बस धरली. बन्सी सुट्टीवर आलाय असं कंडक्टरनंच सांगितलं. जिता हाय, धड हाय. मी बसमध्येच डोळे पुसले. म्हणलं, आता काय, पोरगा आला, कागदबी आला, रामकिसन शिव्या देईल आन् चहा मागवील.

ओट्यावर माणसं होती. बन्सी मधे बसला होता. काळा पडला होता, दोन बोटांना पट्टी, थंडीनं गेली म्हणले. मला बघून तो पट्कन उठला आन् पाया पडला.

"चाचा, तुमच्याकडंच येणार होतो मी." माझा हात त्यानं सोडला नाय. "सरपंच कारभारीनानांनी तुमचं पत्र पाठवलं होतं तिकडं. आमच्यात चार-पाच मराठी पोरं होती, सगळ्यांत फिरलं ते. कन्नड तालुक्यातला सांडू म्हणून होता, माझ्या शेजारी झोपायचा. वर चढायच्या आधी सगळे गप्प होते, कुणाचे पाय उचलत नव्हते. त्यानं ते वाचलं मोठ्यानं. म्हणला, चला रे, अर्ध्यात लटकणं वाईट. आन् घडी करून खिशात घातलं."

मी म्हणलं, "मंग?"

"तो वरच राह्यला, चाचा." बन्सीनं पट्टीची बोटं मिटली. "पण काम पूर्ण झालं. परवा त्याच्या आईला भेटून आलो. तिला सांगितलं, तुमच्या पोराच्या खिशात आमच्या जब्बारचाचाचं पत्र होतं. तिला लई बरं वाटलं. तिनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

लोक बघत होते. कुणीतरी म्हणलं, वा. माझ्या खिशातला कागद मला कापडातून टोचायला लागला. त्या माउलीचा पोरगा एका टिंबावर वर गेला का, टिंब जागेवर राह्यलं असतं तर गेला नसता का? नाय, हुकूम होता, तो जाणारच होता. मला कळतंय. पण शेवटचं तो माझं म्हणून जे वाचून गेला, ते माझं नव्हतं, आन् आता ते त्याच्या आईचं झालं होतं, आन् ह्या पोराचं.

रामकिसन भिंतीला टेकून बसला होता. आता त्यानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता बघण्यात, वाट बघत होता तो. मला ते बघणं ओळखू येतं, दर रविवारी दुकानाच्या पायरीवरून तो तसाच बघायचा.

"आणलंस का?" म्हणला.

"काय आणायचं होतं, बाबा?" बन्सीनं विचारलं. हात अजून माझ्याच हातात.

मी म्हणलं, "नाय. नाय आणलं."

 रामकिसन गुडघ्यावर हात टेकून उठला आन् आत गेला. आतून दगडाबाईनं काहीतरी विचारलं, त्यानं काय सांगितलं ते ऐकू आलं नाय.

"चाचा, उभे काहून? बसा ना," बन्सी म्हणला आन् माझ्यासाठी सतरंजी सारखी केली. त्या ओट्यावर मला बसा म्हणणारं तेवढं एकच पोरगं होतं, आन् त्याच्यापुढं मला बसवेना.